वाचलेले कळले का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत भावगीते आणि पाककृतींची स्पर्धा यांच्या मधोमध माझे भाषण छापले आहे. तेव्हा स्पर्धेतले पदार्थ निवण्यापूर्वी मी आटोपते घ्यावे हे बरे. कार्यवाहबाईंनी मला विषय दिला तो असा : प्राथमिक शाळेतल्या मुलांना वाचलेले समजावे आणि त्यांचे व्याकरण सुधारावे यासाठी आयांनी घरी काय करावे? मी १९७२ पासून २००९ पर्यंत, म्हणजे ३७ वर्षे, प्राथमिक शाळेत शिकविले. तेव्हा या बाईला हे येत असणारच, असे त्यांनी गृहीत धरले.

मैत्रिणींनो, शाळेत पन्नास मुलांना शिकविणे निराळे आणि घरी आपल्या एका मुलाला शिकविणे निराळे. पहिले मला बऱ्यापैकी जमले. दुसरे मुळीच जमले नाही. याची साक्षीदार आज येथे तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि पुढचे सारे मी तिला विचारूनच सांगत आहे.

माझी मुलगी दुसरी-तिसरीत असताना रोज दिवेलागणीनंतर मी तिला वाचायला बसवीत असे. तिच्या हातात पुस्तक आणि माझ्या हातात फूटपट्टी. पट्टी ओळीखाली धरण्यासाठी आहे असे मी स्वतःला सांगत असे, पण तिचा दुसरा उपयोगही होई. एक काना चुकला की "पुन्हा". स्वल्पविरामाला थांबली नाही की "पुन्हा". एकेक ओळ सातसात वेळा वाचून घ्यायची. तीन-चार महिन्यांत ती घडाघडा, एकही चूक न करता वाचू लागली. वाचनात पैकीच्या पैकी गुण पडले. मी ते आळीभर सांगितलेही. आणि त्यानंतर तिने आपण होऊन एकही पुस्तक हातात धरले नाही. सुट्टीत मी वाचनालयातून गोष्टींची पुस्तके आणीत असे, ती न उघडताच परत जात. पुढे ती हिशेबात हुशार निघाली, चांगली नोकरी करते. पण वर्तमानपत्राचे मथळे पाहिले की घडी घालून ठेवते. अगदी अलीकडे मी तिला याचे कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आई, मला त्यातली गोष्ट कधी ऐकूच आली नाही. मला तुझी पट्टी तेवढी दिसायची."

हे विचारण्याची बुद्धी मला झाली ती २०१९ च्या महापुरानंतर. तो प्रसंग थोडा सविस्तर सांगते, कारण माझे सारे बोलणे त्याच्यावरच उभे आहे.

त्या वर्षी नागपंचमीच्या सुमारास पावसामुळे शाळा बंद होत्या. म्हणून तिचा मुलगा, माझा नातू, गावभागात माझ्याकडे राहायला आला होता. तो तेव्हा चौथीत. आईने त्याला माझ्याच पद्धतीने तयार केलेला, फक्त फूटपट्टी नव्हती. वाचन असे स्वच्छ की कोणीही ऐकत राहावे. कृष्णेचे पाणी चढत होते. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे आपल्या सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असतात. घरात आवराआवर चालली होती आणि त्या गडबडीत माझा चष्मा कुठल्याशा गाठोड्यात गेला. तेवढ्यात फोनवर संदेश आला. मी नातवाला म्हटले, "वाच रे, काय म्हणतात ते." त्याने खणखणीत आवाजात वाचले. त्यातले शब्द न् शब्द आज आठवत नाहीत. पण मजकूर असा होता, की कोयनेतून विसर्ग वाढविण्यात येत असून नदीकाठच्या सखल भागातील रहिवाशांनी सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे.

"म्हणजे आपण निघायचं का रे?" मी विचारले.

पोर गप्प. मग म्हणाला, "आजी, विसर्ग म्हणजे अक्षरापुढची दोन टिंबं ना? दुःखमध्ये असतात ती. ती कोयनेतून कशी वाढवतात?"

"आणि सखल म्हणजे?"

"सखल म्हणजे सगळे." सकल हा शब्द त्याने कुठल्याशा प्रार्थनेत ऐकला होता.

दारात शेजारची मुलगी उभी होती. तिसरीतली. तिची आई मंडईत भाजी विकते. ही पोर अक्षराला अक्षर लावून, अडखळत वाचणारी. वाचनात कच्ची, असा शेरा तिच्या प्रगतिपुस्तकात मी स्वतः पाहिलेला. ती म्हणाली, "आजी, सखल म्हणजे खालचं. आपली गल्लीच की ती. धरणातलं पाणी सोडलंय, आता हितं येणार. आईनं आमचं गाठोडं बांधलंय."

आम्ही दुपारीच विश्रामबागेत मुलीकडे गेलो. रात्री गल्लीत पाणी शिरले. या मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटातले खालचे दोन कप्पे त्याच पाण्यात गेले, ते आपण सर्वजणी जाणताच.

पूर ओसरल्यावर घरातला गाळ काढता काढता मी त्या मुलीच्या आईला विचारले, "तुम्ही हिचा अभ्यास कसा घेता?" ती ओशाळली. "मला कुठलं वाचाय येतंय बाई? दुसरीत शाळा सुटली माझी. तीच मला वाचून दाखवती." रोज रात्री ती उरलेली मेथी-कोथिंबीर निवडीत बसते आणि मुलगी समोर बसून जे हाताला लागेल ते वाचते : धडा, पुडीचा कागद, विजेचे बिल, देवळाबाहेरचे पत्रक. आई मधून मधून विचारते, "आन् मग?" "ह्यो कोण आता?" "असं का केलं त्यानं?" "मला कळलं न्हाई, नीट सांग." ती हे परीक्षा घ्यायची म्हणून विचारीत नाही. तिला खरोखरीच ठाऊक नसते आणि जाणून घ्यायचे असते. मुलीला सांगता आले नाही तर ती मागे जाऊन पुन्हा वाचते, किंवा शेजारी येऊन शब्दाचा अर्थ विचारते. माझ्याकडेही ती कितीदा तरी आली होती. आणि मी, दाराशी उभ्याउभ्या अर्थ सांगून, "वाचन सुधार हो थोडं," असे वर ऐकवून तिला पाठवीत असे!

त्या मुलीला आपण वाचून कोणाला तरी काही सांगत आहोत असे वाटे. माझ्या मुलीला आपण चुका न करता ओळीच्या टोकाला पोचायचे आहे एवढेच वाटे. मला आज आपल्याला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे, आणि बाकीचे त्याचेच तपशील आहेत.

अडखळत वाचले तरी चालते असे मी म्हणत नाही. अक्षरे जुळविण्यातच सारे लक्ष खर्च झाले तर वाक्य संपेतो त्याची सुरुवात विसरते. सफाई हवीच. 'प्रथम' या संस्थेकडून २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होत आली आहे. २०२२ सालच्या पाहणीत देशातल्या खेड्यापाड्यांतील पाचवीच्या १०० मुलांपैकी सुमारे ४३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. काळजी वाटावी असाच हा आकडा. पण त्या ४३ मुलांनी तो मजकूर वाचला, एवढेच तो सांगतो. किती जणांना कळला ते सांगत नाही. आपण शहरातल्या आया याच ठिकाणी फसतो. मूल घडाघडा वाचू लागले की आपण सुस्कारा सोडतो आणि पोळ्या लाटायला जातो.

"पण बाई, माझं मूल धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरंही बरोबर लिहितं," असे कोणी म्हणेल. थांबा. आत्ता आपण सगळ्यांनी मिळून एक धडा वाचू. धडा एका वाक्याचा आहे : "टिमका भोंबाळात सपकला." आता प्रश्न. कोण सपकला? टिमका. टिमका कोठे सपकला? भोंबाळात. टिमक्याने काय केले? तो सपकला. पाहा, तुम्हा सर्वांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि यातले एक अक्षर तुम्हांला किंवा मला कळलेले नाही, कारण तो शब्द मीच काल भाकरी थापताना जुळविला. कोण, कोठे, काय या प्रश्नांची उत्तरे ओळ शोधून उतरवून देता येतात. मुले ही युक्ती पहिलीतच शिकतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

म्हणून घरी विचारायचे प्रश्न निराळे हवेत. त्याने असे का केले? तुला हे कशावरून वाटले? पुढे काय होईल, पान उलटण्याआधी सांग. तू तिथे असतीस तर? "कशावरून" हा प्रश्न तर मला सर्वांत लाडका. गोष्टीत "ती भिजून घरी आली" एवढेच लिहिलेले असते. पाऊस हा शब्दसुद्धा नसतो. "बाहेर काय चाललं असेल?" "पाऊस." "कशावरून?" "भिजून आली ना!" ओळींमध्ये न लिहिलेले वाचता येणे ते हेच, आणि सहा वर्षांच्या मुलालाही ते येते, आपण विचारीत नाही एवढेच. मात्र रोज एक-दोनच प्रश्न. मी एकदा उत्साहाच्या भरात नातवाला अकरा प्रश्न विचारले, तर तो म्हणाला, "आजी, यापेक्षा शाळा बरी."

वाचताना मूल अडले तर काय करावे, हे पुष्कळजणी विचारतात. मनात पाच आकडे मोजावेत. तेवढ्यात बहुतेक वेळा ते स्वतःच सावरते. नाहीच सावरले तर शब्द सांगून टाकावा आणि पुढे जाऊ द्यावे. तिथेच रवंथ नको. चुकीचे वाचले, पण अर्थ बिघडला नाही, तर कानाआड करावे. 'पळाला'च्या जागी 'पळून गेला' वाचले, तर समजावे की पोर अर्थ धरून चालले आहे. अर्थ बिघडला तर वाक्य संपेपर्यंत थांबून एवढेच विचारावे, "असं होईल का?" आणि एका पानावर पाचसहा शब्द अडले तर पुस्तक कठीण आहे, मूल मठ्ठ नाही. ते पुस्तक आपण वाचून दाखवावे आणि त्याच्या हाती सोपे द्यावे. मुलाला वाचता येऊ लागले की आपण त्याला वाचून दाखविणे बंद करतो, ही तर मोठीच चूक. कानाची समज डोळ्यांच्या कितीतरी पुढे असते. दुसरीतल्या मुलाला स्वतः न वाचता येणारी गोष्ट ऐकून छान कळते, आणि मोठी वाक्ये, नवे शब्द त्याच वाटेने आत जातात.

शब्दांचेही थोडे सांगायला हवे. नातवाच्या त्या विसर्गाने मला महिनाभर झोप दिली नाही. मुलाला शब्द एका जागी भेटतो आणि त्याला वाटते त्याचे घर तेवढेच. 'पात्र' घ्या. नदीचे पात्र, नाटकातले पात्र, तांब्याचे पात्र. 'वर' म्हणजे माडीवर, नवरदेव आणि देवाने दिलेलाही. मराठीत तर गंमत अशी, की काही ठिकाणी अर्थ कळल्यावाचून उच्चारसुद्धा करता येत नाही. ज-ग अशी दोन अक्षरे लिहिली. ते सारे विश्व असेल तर उच्चार एक, आणि "शंभर वर्षे जग" असा आशीर्वाद असेल तर उच्चार दुसरा. लिपीत फरक दिसत नाही. वाक्य कळले तरच जीभ बरोबर वळते. माझी मुलगी तो उच्चार का चुकते म्हणून मी पट्टी उगारीत असे! तिला वाक्य कळले नव्हते, आणि मला ते कळले नव्हते.

आता व्याकरण. हा शब्द उच्चारला की पुढच्या रांगेतल्या बायकांचे चेहरेदेखील चौथीच्या परीक्षेला बसल्यासारखे होतात. पण मघाच्या टिमक्याकडे परत या. तो शब्द आपण कधी ऐकलेला नव्हता, तरी भोंबाळ ही जागा आहे हे आपल्याला कळले. कशावरून? शेवटच्या 'त'वरून. सपकणे ही क्रिया आहे आणि ती होऊन गेली आहे, हे 'ला'वरून कळले. टिमका पुल्लिंगी, हेही कळले. टिमकी असती तर ती सपकली असती. हेच व्याकरण, आणि ते तुमच्या मुलाला तीन वर्षांचे असल्यापासून येते. शाळेत त्याला फक्त नावे शिकवायची असतात. आपण उलटे करतो : "नाम म्हणजे काय? व्याख्या म्हण." मूल व्याख्या म्हणते आणि नाम कुठले ते दाखविता येत नाही.

घरी याला पाटी-पेन्सिल लागत नाही, भाजीची पिशवी पुरते. बाजारातून आल्यावर पिशवी जमिनीवर ओता आणि मुलाला वाटण्या करायला सांगा : 'तो' इकडे, 'ती' तिकडे, 'ते' मधे. तो कांदा, तो मुळा, तो बटाटा. ती मिरची, ती काकडी, ती भेंडी. ते वांगे, ते गाजर, ते लिंबू. झाले लिंग. मग एकाची अनेक करा. कांदे, मुळे, बटाटे. मिरच्या, काकड्या, भेंड्या. वांगी, गाजरे, लिंबे. आता गंमत विचारा : एक असताना 'ती मिरची' म्हणालास, आणि पुष्कळ असताना 'ती वांगी' म्हणालास, मग 'ती' म्हणजे एक की अनेक? शेजारच्या मुलीने हे ऐकले आणि दोन मिनिटे टक लावून वांग्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आजी, आधी एक वांगं बघायचं, ते काय आहे ते. मग कळतं." तिने नियम स्वतः शोधला होता. तिला नपुंसकलिंग हा शब्द मी त्या दिवशी सांगितला, आणि तो तिच्या लक्षात राहिला.

जेवताना ताटावरचे व्याकरण : "त्याने आंबा खाल्ला, त्याने पोळी खाल्ली, त्याने केळे खाल्ले." खाणारा एकच, मग 'खाल्ला'चे 'खाल्ली' कोणामुळे झाले? मूल आंब्याकडे आणि पोळीकडे बोट दाखवील. कर्म आणि प्रयोग हे शब्द वरच्या वर्गात येतील तेव्हा येऊ द्या, बोट आताच योग्य जागी गेले आहे.

विरामचिन्हांसाठी दोन कागदांवर लिहा : "बाळू, काका आले" आणि "बाळूकाका आले". पहिल्यात बाळू घरात चिवडा खातो आहे आणि दुसऱ्यात चहाचे आधण ठेवायला हवे. मुले असे खेळ तासन्‌तास खेळतात.

ऱ्हस्व-दीर्घ मात्र कठीण, हे मान्य करावे. फूल म्हणताना ऊ लांबतो आणि फुलाला म्हणताना आखडतो, मूल आणि मुलाला, तसेच गरीब आणि गरिबाला. हे मुलाला मोठ्याने म्हणायला लावले तर निम्म्या चुका कानानेच जातात. उरलेल्या निम्म्यांसाठी फार जीव काढू नये. का, ते माझ्या अनुभवावरून सांगते. मी तिसरीत असताना, १९५९ साली, 'नाहीं', 'कांहीं', 'केलें', 'घरांत' या साऱ्यांवर अनुस्वार द्यावे लागत. उच्चारात ते नव्हतेच, तेव्हा द्यायचे कुठे हे केवळ पाठ करायचे. एका शुद्धलेखनाच्या तासाला माझी नऊ टिंबे राहिली म्हणून मी नऊ छड्या खाल्ल्या. पुढे १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे चौदा नियम केले, त्यांत उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले; १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. ज्यांच्यासाठी मी मार खाल्ला ती टिंबे आता द्याल तर चूक धरतात! 'कवि' आणि 'गति' आम्ही ऱ्हस्व लिहीत होतो, तेही आता दीर्घ. तेव्हा आजीच्या जुन्या पुस्तकात आणि नातवाच्या पाठ्यपुस्तकात फरक दिसला तर मुलाला सांगावे, की नियम माणसांनी ठरविले आणि माणसांनीच बदलले. आजचे नियम आपण पाळायचे, पण त्यासाठी रडायचे नाही.

आणखी एक नाजूक गोष्ट. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे मुलीदेखील "मी शाळेला जातो, मी करतो" असेच म्हणतात. वहीत तसे लिहिले की लाल रेघ येते, आणि घरी आई ओरडते, "असं गावंढळ बोलू नकोस." मैत्रिणींनो, ही चूक मी वर्गात कित्येक वर्षे केली. ज्या बोलीत आई जेवायला हाक मारते ती अशुद्ध आहे असे मुलीला सांगितले की ती वर्गात तोंडच उघडीत नाही. मग तिला काय कळले आणि काय नाही, ते समजणार कसे? आता मी एवढेच म्हणते, "आपण घरात असं बोलतो. पुस्तकात 'मी जाते' लिहितात. दोन्ही तुला यायला हवं." मुलींना दोन्ही येते. चप्पल कुठे काढायची आणि कुठे घालायची हे त्यांना कळते, तसेच हेही कळते.

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आया येथे निम्म्याहून अधिक आहेत. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. पण आठवड्यातल्या काही तासिकांनी "माझी मदत कर"चे "मला मदत कर" होणार नाही. त्या मुलांशी घरी मराठीत पूर्ण वाक्ये बोलावीत आणि चुकले तर न टोकता आपण बरोबर वाक्य म्हणून उत्तर द्यावे. "आजी, माझी मदत कर ना." "तुला मदत करू? आले हं." बस, एवढेच. आणि मराठीत समजून वाचण्याची सवय लागली की ती इंग्रजी पुस्तकापाशी आपोआप जाते. "कशावरून" हा प्रश्न कुठल्याही भाषेत विचारता येतो.

पुस्तके कुठून आणावीत, असे विचारले जाते. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, आणि त्याचे जुने अंक संगणकावर फुकट वाचायला ठेवले आहेत. आपली जिल्हा नगर वाचनालये आहेत. पण पुस्तकच हवे असेही नाही. औषधाच्या बाटलीवरची सूचना, बसचे वेळापत्रक, लग्नपत्रिका. लग्नपत्रिका तर फारच उत्तम : "वराची आत्या कोण ते शोध," म्हणावे. माझ्या नातवाला त्यासाठी पाऊण तास लागला आणि मग त्याने आमच्याच घराण्याची वंशावळ काढायला घेतली.

तो आता मोठ्या वर्गात आहे. भरभर वाचतो, पण आता मधेच थांबतो आणि विचारतो. शेजारची मुलगीही मोठी झाली, तिची अडखळ पुष्कळ कमी झाली, अजून पूर्ण गेलेली नाही. माझी मुलगी... तिला मी गेल्या दिवाळीत एक दिवाळी अंक दिला आणि म्हटले, "मला डोळ्यांनी दिसत नाही, एखादी कथा वाचून दाखव." मला दिसते, मोतीबिंदूचे काम केव्हाच झाले आहे, आणि हे तिलाही ठाऊक आहे. तिने वाचली. एका ठिकाणी एक शब्द चुकली, मी काही बोलले नाही. कथा संपल्यावर मी विचारले, "त्या बाईनं परत जायला नको होतं, नाही का?" त्यावर आम्ही रात्री साडेअकरापर्यंत भांडलो.

आता मंडळापुढे माझी एक मागणी आहे आणि त्यासाठीच मी हे भाषण कबूल केले. पुरानंतर आपले कपाट पुन्हा घेतले, पण त्यात अजून पाककृतींच्या वह्या आणि इतिवृत्ते तेवढी आहेत. ज्यांच्या घरी मुलांची जुनी पुस्तके पडून आहेत त्यांनी ती द्यावीत. फाटकी चालतील, मी शिवीन. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच ते सहा हे सभागृह रिकामे असते. त्या वेळी आळीतल्या मुलांना येथे येऊन वाचू द्यावे. शिकवायला शिक्षिका नकोत. ऐकायला बायका हव्यात. ज्यांना वाटते की आपले शिक्षण कमी, आपल्याला हे जमणार नाही, त्यांनीच आधी यावे. येताना निवडायची भाजी किंवा सोलायचा वाटाणा आणावा, समोर एक मूल घेऊन बसावे आणि जिथे कळणार नाही तिथे "आन् मग?" म्हणावे. भाजी विकणाऱ्या त्या बाईंनी शुक्रवारी येण्याचे कबूल केले आहे. मंगळवारी बाजार असल्याने त्यांना जमत नाही, तेव्हा मंगळवारसाठी दोघीजणी हव्या आहेत. नावे कार्यवाहबाईंकडे द्यावीत. चटया आहेत. खिडकीजवळचा दिवा महिनाभर लागत नाही, तो मात्र बदलून घ्यावा लागेल.